भाग जातो, पण कशाने?

मागच्या वेळी ‘माहीत असणं’ म्हणजे काय यावर बोललो. आज त्याचंच एक उदाहरण, गणितातलं. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे फारसं जायचं नाही.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, मग दोन, मग चार, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पटाला 64 ऐवजी 67 घरं आहेत असं समजा. एकूण दाणे किती? 2 चा 67 वा घात वजा 1, म्हणजे 147573952589676412927. एकवीस अंक! ‘लीलावती’तली स्थानांची नावं अठराव्या स्थानी, परार्धापाशी थांबतात.

1644 मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने ही संख्या मूळ आहे असं सांगितलं. म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. 1876 मध्ये एद्वार लुकाने सिद्ध केलं, की मेर्सेन चुकला. गंमत अशी, की भाग कशाने जातो हे लुकालाही ठाऊक नव्हतं! त्याची कसोटी पुढे सोपी झाली, ती अशी: 4 घ्या, वर्ग करा, 2 वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. बाकीवर पुन्हा तेच, असं 65 वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. यात विभाजक कुठे दिसतच नाही.

विभाजक दिसला ऑक्टोबर 1903 मध्ये, न्यूयॉर्कला. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उभा राहिला. सांगतात, की तो एक शब्दही बोलला नाही. फळ्याच्या एका बाजूला ही संख्या काढली, दुसऱ्या बाजूला 193707721 गुणिले 761838257287 केलं. उत्तर तेच! यामागे तीन वर्षांचे रविवार होते म्हणे.

तो अंधारात चाचपडत नव्हता. या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला 134 ने भागलं, तर बाकी 1 च उरते. पडताळून बघा: 134 गुणिले 1445580, अधिक 1. पण पहिल्या विभाजकापर्यंत अशा संख्या चौदा लाखांवर आहेत, म्हणून आणखी चाळण्या लावाव्या लागल्या.

आता आपला प्रश्न. 1876 मध्ये लुकाला ‘माहीत’ होतं का? कुणी म्हणेल, विभाजक दाखवा, मग मानू. मला हे पटत नाही. सिद्धता बिनचूक असेल तर ज्ञान पुरं झालं. कोलने त्या खात्रीत काही भर घातली नाही. मग टाळ्या कशाला? कारण ‘आहे’ हे कळणं वेगळं आणि ‘हे बघा’ म्हणता येणं वेगळं. लुकावर विश्वास ठेवायला त्याची सिद्धता समजावी लागते. कोलचं म्हणणं शाळेतला मुलगाही तासाभरात तपासू शकतो. शोधायला तीन वर्षं, तपासायला एक तास! इंटरनेटवरची कितीतरी कुलपं याच विषमतेवर उभी आहेत.

आज संगणक हे विभाजक क्षणात काढतो. म्हणून प्रश्न संपला का? नाही. 2 चा 1277 वा घात वजा 1 घ्या, 385 अंकांची संख्या. ती मूळ नाही हे सिद्ध झालेलं आहे, पण विभाजक एकही हाती नाही. तिथे आपण अजून 1876 मध्येच आहोत.

घरी गेल्यावर कोलचा तो गुणाकार हाताने करून बघा. माझ्या शब्दावर विसंबू नका.