खाल्ल्या मिठाचा डबा

पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा डबा हातात घेऊन जिना चढत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "सुटं तेल आणलंत का?" मी नुसती मान डोलावली. मुतखड्याचं दुखणं नुकतंच उरकलं होतं आणि डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी गोळा करून आणायला सांगितली होती. हे काही जिन्यात सांगण्यासारखं नव्हतं. पॅथॉलॉजीतल्या मुलीने नियम पाठ म्हणून दाखवला होता: "उद्या उठल्यावरची पहिली सोडून द्यायची, वेळ लिहून ठेवायची. मग दिवसभराची, रात्रीची सगळी ह्यात. परवा त्याच वेळेची पण ह्यातच." ऐकायला सोपं. दुपारी ऑफिसात सवयीने उठलो, जाऊन आलो, आणि खुर्चीत बसल्यावर आठवलं की डबा घरी मोरीत आहे. तिसऱ्या दिवशी डबा परत देताना मुलीने विचारलं, "सगळी आली ना?" मी म्हटलं, "हो."

एखादा देश किती मीठ खातो हे ठरवायचं सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे नेमका हाच डबा, हे मला नंतर कळलं. तो भरणारी माणसं माझ्यासारखीच असतात, हेही आलंच.

मीठ किती खाता, असं विचारून काही हाती लागत नाही. साखर चमच्याने मोजतात, तेलाची पिशवी महिन्याची ठरलेली असते. मीठ मात्र आमच्या प्रत्येक पाककृतीत 'चवीनुसार' असतं. ती चव कोणाची? स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताची, आणि त्या हाताला वजनाचा काटा लावलेला नसतो. त्यात नावडतीचं मीठ अळणी, म्हणजे जेवणाराची साक्षही घेण्यात अर्थ नाही. ताटातल्या लोणच्याची फोड, भाजलेला पापड, संध्याकाळचा फरसाण यांचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. शरीर मात्र ठेवतं. पोटात गेलेल्या सोडियमपैकी सुमारे नव्वद टक्के लघवीवाटे बाहेर पडतं. बाकीचं घामात आणि शौचात. माणूस खाल्ल्या मिठाला जागेल न जागेल, लघवी जागते.

डबा प्रयोगशाळेत पोचला की आधी तो नीट हलवायचा, एकूण लघवी मोजायची आणि त्यातला छोटा नमुना तपासायचा. आता हे काम विद्युत-अग्रं करतात. पूर्वी ज्वालेचं यंत्र होतं. ते तत्त्व आपल्या प्रत्येकाच्या ओट्यावर दिसतं. आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते ना, तो पिवळा रंग सोडियमचा. यंत्र त्या पिवळेपणाची तीव्रता मोजायचं. पुढे गुणाकार-भागाकार: साधारण १७ मिलिमोल सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहावं. एक चहाचा चमचा, तोही सपाट.

या डब्याची सर्वांत मोठी यात्रा भरली ती 'इंटरसॉल्ट' या पाहणीत. १९८८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३२ देश, ५२ केंद्रं, प्रत्येक केंद्रावर २० ते ५९ वयाची सुमारे दोनशे माणसं, एकूण १०,०७९. सगळीकडे डब्याची रीत एकच, आणि नमुने तपासायला एकाच ठिकाणी, बेल्जियममधल्या लूवेनला, म्हणजे प्रयोगशाळेगणिक उत्तर बदलायला नको. भारतातून नवी दिल्ली होती आणि मीठ-लोण्याचा चहा पिणारं लडाखही. एका टोकाला चीनमधलं तिआनजिन, दिवसाला २४२ मिलिमोल, म्हणजे चौदा ग्रॅमच्या आसपास मीठ. दुसऱ्या टोकाला ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक, ०.२ मिलिमोल. चिमूट नव्हे, चिमटीला चिकटलेला कण! त्यांचा रक्तदाब सरासरीने ९६/६१ च्या घरात. या आकड्यांवरून पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. यानोमामींसारख्या चार कमी मीठवाल्या जमाती बाजूला काढल्या तर उरलेल्या केंद्रांमधला मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध फिका पडतो, असं टीकाकार म्हणत. अमेरिकेतल्या मीठ-उत्पादकांच्या संघटनेने मूळ आकडे मागितले, आणि १९९६ मध्ये संशोधकांनी सगळं गणित पुन्हा मांडून दाखवलं. डबा खोटा आहे असं मात्र त्या भांडणात फारसं कोणी म्हणालं नाही.

आता माझ्यासारख्यांचं काय करायचं? १९८३ मध्ये केंब्रिजच्या शीला बिंगहॅम आणि जॉन कमिंग्ज यांनी यावर एक गोळी सुचवली. 'पाबा' नावाचा निरुपद्रवी पदार्थ, ८० मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून तीनदा जेवणाबरोबर. तो दिवसभरात जवळजवळ सगळाच लघवीतून बाहेर येतो. डब्यात ८५ टक्क्यांहून कमी सापडला, की समजायचं, स्वारी कुठेतरी विसरली. गोळीआड बसवलेला हा पहारेकरी मला भलताच आवडला. ब्रिटनच्या पाहण्यांत लोकांना डब्याबरोबर एक सेफ्टी पिनही मिळे: आतला कपडा बाहेरच्या कपड्याला टाचून ठेवायचा, म्हणजे बाथरूममध्ये पिन अडली की डबा आठवतो. ऑफिसात माझ्याकडे पिन असती, तर ही कबुली लिहायची वेळ आली नसती.

याच पाहण्यांमुळे ब्रिटनला कळलं की २०००-०१ मधलं ९.५ ग्रॅम मीठ २०११ पर्यंत ८.१ वर आलं. पाव, सॉसेज, डबाबंद सूप बनवणाऱ्यांनी मीठ हळूहळू कमी केलं, गिऱ्हाइकाच्या जिभेला पत्ता लागू न देता. तिथे हे जमतं, कारण बरंचसं मीठ कारखान्यातूनच येतं. १९८०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी घरगुती मिठात लिथियमची खूण मिसळून पाहिली, तेव्हा स्वयंपाकात आणि ताटात घातलेलं मीठ एकूण मिठाच्या जेमतेम १५ टक्के निघालं. आपल्याकडे कारखानदाराला बोलावून भागायचं नाही. मिठाचा डबा फोडणीपाशी असतो.

भारतात दिल्ली-हरियाणा आणि आंध्र प्रदेशात १,३९५ लोकांची पाहणी झाली. २०१७ मध्ये छापून आलेले आकडे: दिल्ली-हरियाणात ८.६ ग्रॅम, आंध्रात ९.५. हा आकडाही किमानच धरायला हवा असं मला वाटतं, कारण उन्हात राबणाऱ्या माणसाचं काही मीठ सदऱ्यावर पांढऱ्या रेघांनी उमटतं आणि डब्यात येतच नाही. मे महिन्यात चंद्रपुरात बांधकामावर असलेल्या माणसाला नव्वद टक्क्यांचा नियम कितपत लावायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

डब्याचा त्रास नको म्हणून सूत्रंही निघाली. सकाळची एकच बाटली घ्यायची, वय-वजन-उंची घालून दिवसभराच्या मिठाचा अंदाज बांधायचा. जपानी संशोधकांची कावासाकी आणि तनाका ही सूत्रं प्रसिद्ध आहेत. गावाची सरासरी ढोबळ काढायला ती चालतात, पण कमी खाणाऱ्याचं मीठ फुगवून दाखवतात आणि जास्त खाणाऱ्याचं झाकतात. २०१८ मध्ये काही संशोधकांनी एकाच गटातल्या लोकांचे आकडे दोन्ही रीतींनी मांडून पाहिले. अनेक डब्यांच्या सरासरीने पाहिलं तर मीठ वाढेल तसे मृत्यू वाढताना दिसले. सूत्राने पाहिलं तर कमी मीठही धोक्याचं असल्यासारखी वाकडी रेघ आली. माणसं तीच, मीठ तेच. ही वाकडी रेघ वर्तमानपत्रांत 'मीठ कमी खाणंही घातक' अशा मथळ्यांनी फिरत असते, आणि तिच्यामागे बाटली होती की डबा, हे बातमीत क्वचितच असतं.

पण डब्याचाही गर्व उतरलेला आहे. मॉस्कोत मंगळयात्रेच्या सरावासाठी सहा-सहा पुरुषांना बंद यानात ठेवलं होतं, एकदा १०५ दिवस, एकदा ५२०. जेवण मोजून; मीठ आधी १२ ग्रॅम, मग ९, मग ६. लघवी रोजची रोज गोळा. खाणं कित्येक आठवडे तेच असूनही बाहेर पडणारं सोडियम दिवसागणिक वरखाली होत राहिलं, सुमारे आठवड्याच्या लयीत. शरीर मीठ आत साठवतं आणि आपल्या सवडीने सोडतं. एका दिवसाच्या डब्यावरून माणूस ६ खातोय की ९, हे ओळखायला गेलं तर उत्तर निम्म्याच वेळा बरोबर आलं. शेकडो माणसांच्या सरासरीत हे चढउतार जिरून जातात. एकट्याच्या डब्यात जिरत नाहीत.

म्हणजे मी ऑफिसात विसरलो नसतो, तरी माझ्या रिपोर्टातल्या सोडियमच्या आकड्यावर फार विसंबण्यात अर्थ नव्हता. एवढ्या आधारावर मी स्वतःला माफ करून टाकलं. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. काकूंनाही नाही, त्या परवा विचारत होत्या, ते तेल कुठल्या घाण्यावरून आणता?