फिल्म उलट गुंडाळणी (कॅमेरा)

फिल्म उलट गुंडाळणी ही ३५ मिमी कॅमेऱ्यातील यंत्रणा असून चित्रण झालेली फिल्म प्रकाशरोधक डबीत परत नेण्याचे कार्य ती करते. गुंडाळणी पूर्ण होण्यापूर्वी मागील झाकण उघडल्यास प्रकाश लागून छायाचित्रे नष्ट होतात.

लायका एम३ (१९५४) मध्ये यासाठी फिरकी होती. ती मजबूत, परंतु संथ असते. निकॉन एफ (१९५९) मधील घडीचा दांडा जलद फिरतो, मात्र त्याची बिजागरी तुलनेने नाजूक असते. दोन्हींना बॅटरी लागत नाही आणि फिल्मचा ताण बोटांना जाणवतो. दातेरी चक्र मोकळे न करता जोर लावल्यास फिल्मच्या कडेची छिद्रे फाटतात. कोरड्या हवेत वेगाने गुंडाळल्यास स्थितिक विद्युतेच्या ठिणग्यांचे डाग उमटू शकतात.

भारतात तयार झालेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० फिल्म दुसऱ्या रिळावर जात असल्याने या यंत्रणेची गरजच नव्हती.