दाखवायचं रान, खेळायचं रान

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र ते दर वेळी नव्याने शिकावं लागतं. ‘हेलो इन्फिनिट’ने हा धडा २०१८ ते २०२४ या काळात दिला, आणि त्यात चूक एकट्या स्टुडिओची नव्हती.

जून २०१८. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टने ‘३४३ इंडस्ट्रीज’ या आपल्या स्टुडिओचं, खेळ ज्यावर चालतो ते नवं इंजिन दाखवलं. नाव ‘स्लिपस्पेस’. हेलोच्या कथेत जहाजं ज्या मार्गाने प्रकाशापेक्षा वेगाने जातात, त्याचंच हे नाव. पडद्यावर वाऱ्यावर डुलणारं गवत, गेंड्यांसारख्या प्राण्यांचा कळप, समुद्रकिनारा, आणि शेवटी हेलोचा नायक मास्टर चीफ याचं हेल्मेट. टाळ्या कडाडल्या. हा इंजिनाचा डेमो आहे, असं स्टुडिओने सांगितलंही होतं. पण त्या सगळ्या देखाव्यात खेळणारा कोणीच नव्हता, याकडे उत्साहाच्या भरात फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

दोन वर्षांनी, २३ जुलै २०२० रोजी, पहिल्यांदा खरा खेळ दिसला. साधारण आठ मिनिटांचा. पाहणाऱ्यांचे चेहरे उतरले. डोंगर सपाट, झाडं ऐन वेळी टपकन उगवणारी, चिलखतं प्लॅस्टिकची वाटावीत अशी. एका ब्रूट शत्रूच्या निर्विकार चेहऱ्यावर चित्र थांबवून लोकांनी त्याचं ‘क्रेग’ असं बारसं केलं आणि त्याची टिंगल उडवली. मायक्रोसॉफ्टच्या ज्या नव्या कन्सोलचा हा मानाचा खेळ, त्याची ताकद हीच का, असा सवाल होता.

त्या फिकेपणामागे एक तांत्रिक कारण होतं. बऱ्याच खेळांत प्रकाश आधीच मोजून भिंतींवर, जमिनीवर जणू रंगवून ठेवलेला असतो. सूर्य हलत नाही, म्हणून हे जमतं आणि देखणंही दिसतं. इन्फिनिटमध्ये मात्र दिवस सरतो, सूर्य कलतो, त्यामुळे प्रकाशाचा हिशेब खेळ चालू असतानाच मांडावा लागतो. डेमोतला बराचसा भाग नेमका सावलीत होता. सावलीत थेट ऊन नसतं, आजूबाजूच्या वस्तूंवरून परतलेल्या उजेडावरच आकारांना उठाव येतो. तो उजेड कच्चा राहिला की सगळंच मातकट दिसतं. जुन्या हेलोसारखं स्वच्छ, ठळक रूप आपण मुद्दाम निवडलंय, असं स्टुडिओने आठवड्याभरात सांगितलं. चित्राच्या दर्जावर अजून काम बाकी आहे, हेही कबूल केलं.

११ ऑगस्टला खेळ पुढच्या वर्षावर ढकलला गेला. स्टुडिओने दिलेल्या कारणांत कोविडही होता. ८ डिसेंबर २०२१ रोजी खेळाची कथामोहीम बाहेर आली तेव्हा प्रकाश खरोखर सुधारला होता आणि लढाईची मजा तर पहिल्यापासूनच होती. गेंड्यांचा कळप मात्र नव्हता. फिरायला मिळाला तो बहुतेक एकाच छापाचा, पाइन वृक्षांचा डोंगराळ मुलूख.

हेलोच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं नव्हतं. २००३ च्या ई-थ्रीत बंजी या मूळ स्टुडिओने ‘हेलो २’ दाखवला, तोही खेळता येईल असा. पण त्यातलं प्रकाश-सावल्यांचं इंजिन तेव्हाच्या एक्सबॉक्सला पूर्ण खेळभर पेलेना. ते टाकून द्यावं लागलं आणि नोव्हेंबर २००४ मध्ये वेगळाच खेळ लोकांच्या हाती आला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ३४३ ने नाव बदलून ‘हेलो स्टुडिओज’ केलं आणि स्लिपस्पेसला रामराम ठोकून अनरिअल इंजिन ५ स्वीकारलं. ज्या इंजिनाला २०१८ मध्ये नवं म्हणून मिरवलं, त्याचे काही भाग जवळपास पंचवीस वर्षांचे असल्याचं तेव्हा स्टुडिओतूनच सांगण्यात आलं. सोबत ‘प्रोजेक्ट फाउंड्री’ नावाचा नवा डेमो आला. हा संशोधनाचा प्रकल्प आहे, खेळ नव्हे, असा खुलासाही आला. बर्फाळ कडे, दाट जंगल, आणि पुन्हा खेळणारा कोणी नाही.

माझा निवाडा असा : फसवा देखावा २०१८ चा होता, पण शिव्या खाल्ल्या २०२० च्या डेमोने, कारण त्याने खरं ते दाखवलं. आपण सोंगाला टाळ्या आणि खऱ्याला हसू देत राहिलो, तर स्टुडिओ सोंगच आणणार. म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर सुंदर रान उगवलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच पाहा, की कंट्रोलर कुणाच्या हातात आहे का.