संगणकाचे अपडेट वारंवार अडते तेव्हा



उसाची पाने पिवळी दिसली की काही जण लगेच युरियाचे पोते रिकामे करतात. पण पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने आला, लोहाअभावी केवडा पडला की पाणी साचून मुळ्या गुदमरल्या, हे पाहिल्याशिवाय टाकलेला पैसा वाया जातो. घरातील संगणकाचेही तसेच आहे. विंडोजचे अपडेट अडले की आपण ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण दाबत बसतो. दर महिन्याला तोच दोष आला, तर दहा वेळा बटण दाबून तो जात नाही. कारण शोधावे लागते.

अपडेटची एवढी काळजी कशाला, असे काही सभासद विचारतात. २०१७ चे उदाहरण पाहा. विंडोजमधील एक भगदाड बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे संगणक १२ मे पासून ‘वॉनाक्राय’ने जगभर बंद पाडले. त्याच वर्षी २७ जूनला दुसऱ्या हल्ल्यात आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे एक टर्मिनल ठप्प झाले. त्या विषाणूच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट तेच भगदाड होते. आपल्या संगणकात सात-बारा असतो, ऊसनोंदीची कागदे असतात, बँकेचे व्यवहार असतात. म्हणून कुंपण शाबूत हवे.

माणिकपूरचा अनुभव

माझे मेहुणे वसईजवळ माणिकपूरला राहतात. गावाकडील जमिनीची सगळी कागदपत्रे त्यांच्या संगणकात आहेत. चार महिने त्यांचे अपडेट अडत होते. दुरुस्तीवाल्याने एका वाक्यात निकाल दिला, “फॉरमॅट मारा.” म्हणजे कागदे, फोटो सारे पुसले जाणार. नक्कल कुठेच ठेवलेली नव्हती. मी म्हटले, “दाजी, जरा थांबा. आधी रोग तरी बघू.”

प्रथम सर्व कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट आणि त्यात अपडेट हिस्टरी उघडली. चारही महिने एकच कोड होता: ०एक्स ८००७००७०. याचा अर्थ, डिस्कवर जागा नाही. पाहिले तर १२८ जीबीच्या डिस्कवर जेमतेम ६ जीबी शिल्लक! लग्नाचे व्हिडिओ बाहेर हलवले आणि जागा केली. पुन्हा प्रयत्न केला तर दुसराच कोड आला: ०एक्स ८००७३७१२. मेहुणे म्हणाले, “झालं, आणखी बिघडलं!” पण तसे नव्हते. कोड बदलला म्हणजे पहिली अडचण सुटून तिच्यामागे दडलेली दुसरी दिसू लागली. हा कोड विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब झाल्याचा असतो. त्यावरचा उपाय खाली क्रमांक ४ मध्ये दिला आहे. दोन तासांत काम झाले. फॉरमॅट करावे लागले नाही.

क्रमाने करावयाच्या गोष्टी

१. कागदपत्रांची नक्कल घ्यावी. अपडेट हिस्टरीतील कोड वहीत उतरवावा. संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा.

२. सी ड्राइव्हवर १५ ते २० जीबी जागा मोकळी ठेवावी. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स येथून कचरा काढता येतो. मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. तिच्यावर खूण राहिली तर उतरवून घेतलेले उतारेही जातील. ती खूण आधी काढावी.

३. ०एक्स ८००७२ईई२ आला तर इंटरनेट मध्येच तुटते आहे. राउटर बंद-चालू करून पाहावा. ०एक्स ८००७२एफ८एफ आला तर तारीख व वेळ तपासावी. जुन्या संगणकातील बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि सुरक्षित जोडणी होत नाही. सेल बदलणे हाच उपाय.

४. फाइली खराब असतील तर कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडावा. ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. ती पुरी झाल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ द्यावी. मध्येच आकडा थांबल्यासारखा वाटतो, पण खिडकी बंद करू नये. वीज जाण्याची वेळ टाळावी.

५. तरीही अडले तर विंडोज अपडेट व बिट्स या दोन सेवा थांबवाव्यात. विंडोज फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ फोल्डरचे नाव बदलावे आणि सेवा पुन्हा सुरू कराव्यात. अर्धवट उतरलेले अपडेट बाजूला पडून नव्याने उतरते.

दोष नेहमी आपलाच नसतो

जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने अनेकांना ०एक्स ८००७०६४३ हा कोड दिला. दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा भाग अपुरा होता, त्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती. मशीन धडधाकट असूनही कोड येतच राहिला. अशा वेळी मायक्रोसॉफ्टची सूचना वाचून थांबणे शहाणपणाचे. दर महिन्याचे मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी रात्री आपल्याकडे येते, त्यानंतरच्या दिवसांत कोड पाहावा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० ही चिप लागते. ती नसलेल्या जुन्या मशीनवर ते अडले, तर तो बिघाड समजू नये.

शेवटची विनंती. कोड शोधताना पडद्यावर फोन नंबर दिसला तर लावू नका. “कंपनीतून बोलतोय, संगणक माझ्या ताब्यात द्या” म्हणणाऱ्याला नकार द्या. पैसे गेलेच तर तासभरही न दवडता १९३० वर कळवा.

निदान आधी, औषध मागून. शेतात जे पाळतो तेच येथेही पाळावे. कळावे.

— ऊस विकास अधिकारी