गुलाबी लोशन, पांढरं मलम आणि जस्त

उन्हाळा लागला की घरोघरी घामोळं सुरू होतं. मग फडताळातली गुलाबी लोशनची बाटली खाली येते. तिचं नाव कॅलामाइन. घरात तान्हं बाळ असेल तर शेजारी पांढऱ्या मलमाची ट्यूबही असते. या दोन्हींत काम करतं ते जस्त. घरावरच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ज्याचा मुलामा देतात, तेच.

औषधात मात्र जस्ताचा धातू तसाच घालत नाहीत. जस्त आणि प्राणवायू यांच्या संयोगातून एक पांढरी, मऊ भुकटी तयार होते. तिला झिंक ऑक्साइड म्हणतात. लोशनमध्ये जस्ताच्या अशा भुकटीत किंचित लोह ऑक्साइड मिसळलेलं असतं. गुलाबी रंग येतो तो या लोहामुळे.

ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी बसते. म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवायची. न हलवता लावलं तर अंगाला नुसतं वरचं पाणी लागतं.

लोशन लावल्यावर गार का वाटतं? मातीचा माठ आठवा. माठातून झिरपलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. लोशनमधलं पाणीही वाळताना कातडीची उष्णता घेतं आणि खाज शमते. मागे उरलेली भुकटी घाम टिपते. घामोळं, डास चावल्याची गांधी, कांजिण्यांची खाज यांवर त्याचा उपयोग होतो. शेतात गाजरगवत उपटून हात खाजत असतील तर आधी हात साबणाने धुवा, कपडे बदला, मग लोशन लावा.

मलमाचं काम वेगळं. त्यात भुकटी तेलकट लेपात मिसळलेली असते. बाळाची लंगोट ओली राहिली की कातडी लाल होते. मलमाचा थर मूत आणि कातडी यांच्यामध्ये आड येतो. जागा पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून कोरडी करा, मग जाडसर थर द्या. थोडा वेळ बाळाला लंगोटीशिवायही ठेवा. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही किंवा लाल पुटकुळ्या पसरल्या, तर बाळाला दवाखान्यात दाखवा.

आता महत्त्वाची गोष्ट. आमच्या बैठकीत एका ताईंनी सांगितलं, मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली म्हणून त्या तीन आठवडे लोशन लावत होत्या. लावलं की मूल घटकाभर शांत व्हायचं, रात्री पुन्हा खाजवायचं. तोवर घरातल्या चौघांना खाज लागली. ती खरूज होती. खरजेचा बारीक किडा कातडीत शिरतो. लोशनने तो मरत नाही. त्याचं औषध वेगळं असतं आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं, खाज नसली तरीही.

नायट्याचंही तसंच. लोशनने बुरशी जात नाही. दुकानातून विचारून आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने चार दिवस लाली कमी दिसते, आत नायटा पसरत जातो. म्हणून जस्ताने खाज थांबली म्हणजे रोग गेला असं समजू नका.

उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागी, डोळ्यांत किंवा तोंडात लोशन लावायचं नाही. शेतात टाकायचं झिंक सल्फेट तर अंगाला कधीच लावू नका. नाव सारखं असलं तरी ते पाण्यात विरघळतं आणि कातडीला, डोळ्यांना झोंबतं. जुलाबात आशाताई देतात ती झिंकची गोळी पोटात घ्यायची. प्रत्येकाची जागा वेगळी, काम वेगळं.

गटाच्या पुढच्या बैठकीला घरातली बाटली आणि ट्यूब घेऊन या. मुदत संपली आहे का, आत काय आहे, हे एकमेकींना वाचून दाखवा. जिला वाचता येत नाही, तिच्या शेजारी बसा. रात्री वाढणारी खाज, घरात एकापाठोपाठ अनेकांना सुटणारी खाज, पू किंवा ताप असेल, तर बाटली बाजूला ठेवा आणि आरोग्य केंद्र गाठा.