स्वल्पविरामाचा हिशेब

बँकेचा खातेउतारा असो वा प्रयोगशाळेतील नोंदी, माहिती एका संगणकप्रणालीतून दुसरीत न्यायची झाल्यास आजही बहुधा सीएसव्ही फाइलचाच आधार घेतला जातो. ही फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. प्रत्येक ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, एवढाच तिचा थाट. साधेपणामुळे ती सर्वत्र चालते आणि त्याच साधेपणामुळे फसवतेही.

नवशिका प्रोग्रामर प्रत्येक स्वल्पविरामापाशी ओळीचे तुकडे पाडतो. पत्ता 'सदाशिव पेठ, पुणे' असा असला, की एका रकान्याचे दोन होतात. रक्कम '१,२५,०००' असेल तर तीन. पुढची सगळी माहिती सरकते, पण प्रोग्राम तक्रार करत नाही; चुकीचे उत्तर बिनबोभाट देतो. यावरचा उपाय २००५ साली 'आरएफसी ४१८०' या दस्तऐवजात नोंदवला गेला. ज्या रकान्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह वा नवी ओळ येते, तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा आणि आतले अवतरणचिन्ह दोनदा लिहावे.

पायथन भाषेत हे काम २००३ पासून 'सीएसव्ही' हे मॉड्यूल करते. त्यातील 'डिक्टरीडर' शीर्षकाच्या ओळीतील नावांवरून रकाने ओळखतो. रकान्यांचा क्रम बदलला तरी अडत नाही, म्हणून साध्या 'रीडर'पेक्षा तोच बरा. लिहिताना 'रायटर' गरजेप्रमाणे अवतरणचिन्हे स्वतः घालतो. मात्र फाइल उघडताना 'न्यूलाइन' या पर्यायाला रिकामे मूल्य द्यावे. नाही तर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर कोरी ओळ येते. देवनागरी मजकूर एक्सेलमध्ये उघडायचा असल्यास 'यूटीएफ-८-सिग' ही संकेतप्रणाली निवडावी.

रीडर सर्व काही मजकूर म्हणूनच वाचतो. आकड्यांत रूपांतर आपण करायचे. हे गैरसोयीचे वाटले तरी सुरक्षित आहे. एक्सेल मात्र स्वतःच अंदाज बांधते आणि क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गाळते. 'मार्च१' या मानवी जनुकाच्या नावाची तर तारीख होऊ लागली. अखेर जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांत अशी नावे बदलण्याची तरतूद केली. 'मार्च१' आता 'मार्चएफ१' झाले आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइलींतील माहिती एक्सेलच्या जुन्या साच्यात भरली जात होती. त्यात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी निमूट गळाल्या. १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला.