दुपारची डुलकी आणि उतारवयातली आठवण

मागल्या महिन्यात ऊस नोंदीच्या कामानिमित्त आम्ही पाली भागात फिरत होतो. सकाळचे अकरा वाजलेले. बिंदुसरा तलावाकडून वारा येत होता, तरी उन्हाचा चटका लागायला सुरुवात झाली होती. एका जुन्या सभासदाच्या ओट्यावर आम्ही पाणी प्यायला टेकलो. घरचे वडीलधारे, ज्यांना सगळे गाव आबा म्हणते, ते खांबाला पाठ लावून बसल्या जागी झोपले होते. हातातली काठी निसटून खाली पडलेली.

मुलगा म्हणाला, "आबांचं हे असंच चाललंय बघा. दिवसभर झोप, अन् रात्री बारा वाजता उठून मोटारीचं कुलूप बघत फिरायचं. परवा तर चिटबॉयला एकाच प्लॉटची नोंद दोनदा सांगितली. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!"

आबांनी एक डोळा उघडला. "साठी नव्हं, पंचाहत्तरी चालू हाय माझी. अन् निजलो नव्हतो. डोळे मिटले व्हते."

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण परत येताना गाडीत हाच विषय निघाला. आपल्या सभासदांत साठी ओलांडलेल्यांची संख्या थोडी नाही. त्यांच्या नावावर शेअर आहे, ऊस आहे, बँकेचे खाते आहे, सही किंवा अंगठाही त्यांचाच चालतो. अशा माणसाची झोप बदलली, तर 'म्हातारपण आहे' म्हणून सोडून द्यायचे, की त्यात काही बघण्यासारखे असते? या विषयावर डॉक्टर मंडळींनी अलीकडे बरेच काम केले आहे. ते सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज. म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच लागते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. पासष्टीनंतरही साधारण सात ते आठ तास झोप हवीच, असे तज्ज्ञ सांगतात. बदलते ते झोपेचे रूप. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप सावध होते, जरा खुट्ट झाले की जाग येते. शरीरातले घड्याळही थोडे पुढे सरकते. म्हणून आजोबा आठलाच पेंगू लागतात आणि पहाटे तीनला टक्क जागे होतात. हे शरीराचे घड्याळ काही कवीकल्पना नव्हे. ते पेशीच्या आत कसे चालते, हे शोधून काढल्याबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान जी सुस्ती येते, तीही या घड्याळाचीच करामत आहे. नुसता भाकरीचा दोष नाही, उपाशी माणसालाही ती येते.

मग ही डुलकी चांगली की वाईट? इथे शास्त्रज्ञांतच दोन बाजू आहेत.

अमेरिकेत शिकागो भागातल्या सुमारे चौदाशे वृद्धांच्या मनगटावर घड्याळासारखे यंत्र बांधून त्यांच्या झोपेची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. काहींची तर चौदा वर्षांपर्यंत. त्याचा निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाला. दिवसा एक तासापेक्षा जास्त झोपणाऱ्यांना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, तो होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त दिसला. हे वाचून लगेच आबांना गदागदा हलवून उठवू नये! त्याच अभ्यासात असेही दिसले, की ज्यांना हा आजार जडला त्यांची दिवसाची झोप पुढे फार झपाट्याने वाढत गेली. म्हणजे झोपेने आजार आणला की आजाराने झोप आणली, याचा निवाडा एवढ्यावरून होत नाही. पानावर डाग दिसला म्हणून पानालाच रोगाचे मूळ कोणी म्हणत नाही, तसेच हे.

उलट बाजूही ऐका. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या साडेचारशे लोकांवर एक प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत 2021 साली छापून आला. हे वृद्ध नव्हते, काम करणारी माणसे होती. रात्री आठ तास अंथरुणावर पडूनही त्यांना झोप मिळायची जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास, गोंगाट. त्यांची रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवून दिली तर कामात फारसा फरक पडला नाही. पण दुपारी कामाच्या जागी शांतपणे अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तर काम सुधारले, चित्त थाऱ्यावर राहिले. इंग्लंडमधल्या आनुवंशिकतेच्या एका मोठ्या अभ्यासात 2023 साली असे आढळले, की ज्यांच्या पेशींतच दुपारी झोपण्याची प्रवृत्ती आहे त्यांच्या मेंदूचे आकारमान थोडे जास्त राहते. मात्र त्यांची स्मरणशक्ती काही इतरांहून सरस निघाली नाही.

आणि आपल्या चरकसंहितेत काय म्हटले आहे? दिवसा झोपणे एरवी वर्ज्य, पण ग्रीष्मात चालते. आणि म्हातारे, लहान मुले, कष्टाने थकलेले, आजाराने खंगलेले यांना सवलत आहे. मराठवाड्यातला मे महिना ज्याने अंगावर काढला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. भर दुपारी झाडाखाली पडलेल्या माणसाला आळशी म्हणणारा बहुधा पंख्याखाली बसलेला असतो.

आमचे मत विचाराल तर डुलकीकडे पाहण्यापेक्षा बदलाकडे पाहावे. जो माणूस तीस वर्षे जेवणानंतर वीस मिनिटे वामकुक्षी करीत आला आहे, त्याची काळजी नको. जो कधीच दिवसा झोपत नव्हता आणि चार-सहा महिन्यांत सकाळी दहालाच पेंगू लागला, बोलता बोलता झोपू लागला, त्याच्याकडे मात्र लक्ष द्यावे. दुपारची झोप साधारण अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत उरकलेली बरी. दीड-दोन तास झाले की उठल्यावर डोके जड होते आणि रात्रीचे खोबरे होते ते वेगळेच.

रात्रीची झोप का महत्त्वाची, ते कारखान्याच्या भाषेत सांगतो. गाळप चालू असताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत खर बसते. ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून ती साफ करावीच लागते, नाही तर वाफ जळते आणि रस आटत नाही. झोपेत मेंदूही असाच आपला कचरा धुऊन काढतो, असे 2013 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे प्रथिनही त्या कचऱ्यात होते. 2024 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच प्रयोग करून उलटे अनुमान काढले, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही. पण इंग्लंडमधल्या सरकारी नोकरांचा पंचवीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास सांगतो, की पन्नाशीत आणि साठीत ज्यांची झोप सहा तास किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश सुमारे 30 टक्के जास्त आढळला.

पन्नाशी-साठी! म्हणजे ऐन उसाला पाणी देण्याचे वय. इथे आपल्या घरचे दुखणे सुरू होते. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, आणि रात्रीची पाळी आली की बारे द्यायला कोण उठतो? बहुतेक घरी बापच. "पोरगं दिवसभर दमलंय, निजू दे" म्हणून बॅटरी-काठी घेऊन तो निघतो. साप, विंचू, आता बिबट्याचेही भय. आबांनी असे किती वर्षे काढले असतील, त्याचा हिशेब त्यांच्याजवळही नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. ज्या फीडरवर ती पोचली तिथल्या म्हाताऱ्यांची झोप सुधारली का, हे कोणी तरी मोजायला हवे. उसाचे टनेज आपण मोजतोच.

आता घरात बघण्याच्या गोष्टी. दिवसा झोप वाढली की आधी रात्री काय होते ते विचारावे. वयस्क पुरुषांना लघवीसाठी चार-चार वेळा उठावे लागते. ते प्रोस्टेटमुळे असेल किंवा साखरेमुळे, दोन्हींवर इलाज आहे. गुडघे ठणकतात, दमा-खोकला निजू देत नाही. मोठ्याने घोरता घोरता मध्येच श्वास अडतो आणि माणूस दचकून उठतो, हाही आजारच आहे. त्याने रात्रभर झोपूनही झोप झालेली नसते. रक्त कमी असणे, थायरॉईड, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, या सगळ्यांनी सुस्ती येते आणि विसरायलाही होते. यांतले पुष्कळसे साध्या तपासणीत कळते.

गोळ्यांबद्दल मुद्दाम लिहितो. सर्दी-खाजेची साधी गोळी, जी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, तिने गुंगी येते. वयस्क माणसाने ती रोज घेतली तर गोंधळही होतो. झोपेची गोळी तर शेजाऱ्याची उसनी कधीच घेऊ नये. तिची सवय लागते, आणि रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. दारूने झोप लागते, हा समज खोटा. ती डोळा लावते आणि मध्यरात्री उठवून बसवते. मिश्री-तंबाखू आणि संध्याकाळनंतरचा चहा हेही झोपेचे वैरीच.

आणखी एक. कालपर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळू लागला, माणसे ओळखेना, नुसता झोपून राहू लागला, तर ते म्हातारपण नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, अंगातले क्षार कमी होणे, साखर फार खाली जाणे अशी कारणे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खरा स्मृतिभ्रंश हळूहळू येतो. देशपातळीवरच्या पाहणीवरून 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीवरच्या शंभरांत सात-साडेसात जणांना तो असतो. म्हणजे ब्याण्णव जणांना नसतो! 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तेवढ्यापुरती तरी मागे घ्यायला हवी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने 2024 साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकलकोंडेपणा आहे. झोप त्या यादीत नाही. तिच्याबद्दल पुरावा अजून पुरेसा पक्का झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

एकलकोंडेपणावर मात्र थांबावेसे वाटते. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि चार-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि नातवंडे तेवढी उरतात. बोलायला कोणी नाही, करायला काम नाही, मग दिवसाढवळ्या अंथरूण. ही झोप शरीराची नसते. अशा घरी गटाच्या कर्मचाऱ्याने फेरीत पाच मिनिटे टेकावे, असे आम्ही आमच्याच माणसांना सुचवले आहे. ज्येष्ठांसाठी 14567 ही शासनाची मदतवाहिनी आहे, मनाच्या तक्रारींसाठी 14416. दोन्हींना पैसे पडत नाहीत. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागही आहे.

वयस्क सभासदांनी वारस नोंद म्हणजे नॉमिनेशन शेअर्स विभागात तपासून घ्यावे. बुद्धी शाबूत असताना केलेली सही पुढचे भांडण वाचवते.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा पालीला गेलो. आबांना तोवर दवाखान्यात नेऊन आणले होते. साखर वाढलेली निघाली, आणि खाजेची एक गोळी ते आठ महिने रोज घेत होते ती बंद झाली. रात्रीची पाळी आता मुलाकडे आहे. दुपारी आबा अजून पडतात, पण सूनबाई तीनला चहाची कपबशी वाजवते. दवाखान्याची पुढची तारीख ते विसरले होते, म्हणून तिने कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

दोनदा सांगितलेल्या नोंदीचा छडाही लागला. पहिल्या वेळी ती आमच्या वहीत चढलीच नव्हती. हे कळल्यावर आबांनी वही मागून घेतली आणि चष्मा न लावता, तोंडपाठ, आपल्या चारही प्लॉटचे गट नंबर आणि लागवडीच्या तारखा सांगितल्या. "लिव्हा," म्हणाले, "अन् आता वाचून दाखवा."

आम्ही वाचून दाखवल्या.